रातथाऱ्यावरील पोपटांची मोजणी कशी करावी

मराठवाड्यात कीर पोपटांची संख्या अभ्यासायची असेल, तर शेतावरून उडणारे थवे मोजण्याऐवजी रातथारा, म्हणजे त्यांचा रात्रीचा मुक्काम, शोधावा. कारण दिवसभर ज्वारीच्या कणसांवर आणि पेरूच्या बागांत विखुरलेले हे पक्षी तिन्हीसांजेला वड, पिंपळ किंवा चिंचेसारख्या ठरावीक मोठ्या झाडांवर एकत्र परततात. सूर्यास्ताच्या सुमारे एक तास आधी झाडापासून पुरेसे अंतर राखून बसावे, सोबत्यांनी दिशा वाटून घ्याव्यात आणि दर पाच मिनिटांची नोंद स्वतंत्र लिहावी. मोठा थवा आल्यास आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या आकाराचे किती गट होतात, हे पाहावे. एका संध्याकाळच्या आकड्यावर विसंबू नये. लागोपाठ तीन दिवस मोजावे.

नर-मादी ओळखताना विशेष काळजी घ्यावी. गळ्यावरचा काळा-गुलाबी पट्टा केवळ प्रौढ नराला असतो आणि तो साधारण तिसऱ्या वर्षी येतो. म्हणून पट्टा नसलेला प्रत्येक पक्षी मादी समजणे चुकीचे ठरते. अशा पक्ष्यांसाठी वहीत ‘मादी किंवा अल्पवयीन’ असा वेगळा रकाना ठेवावा.

हिवाळ्याच्या अखेरीपासून ढोल्यांत वीण सुरू होते. तेव्हा ढोलीत हात किंवा काठी घालू नये, दुरूनच दुर्बिणीने पाहावे. वाळलेले जुने झाड बांधावर दिसल्यास त्याचीही नोंद करावी आणि ते तोडू नये, अशी मालकाला कळकळीने विनंती करावी. पोपट पकडणे वा पिंजऱ्यात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही त्याच भेटीत सांगावे.