गीझरला घरचं प्लास्टिक कव्हर घालताय? आधी हे बघा

रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या हवेने गीझरचा पत्रा गंजतो म्हणून बरेच जण ताडपत्री कापून कव्हर करतात, पण गॅस गीझर असेल तर अजिबात नको हो, त्याला जळायला हवा लागते आणि वरून गरम धूर बाहेर पडतो, ते अडलं की प्लास्टिक वितळतं, पेटूही शकतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, त्याला वासच नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. खरंतर गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच बसवा.

इलेक्ट्रिक स्टोरेज गीझरला आत इन्सुलेशन म्हणजे उष्णता धरून ठेवणारा थर असतोच, त्यासाठी वेगळं कव्हर लागत नाही, आणि प्लास्टिकखाली ओल कोंडून उलट गंज वाढतो. सेफ्टी वॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप, कधीच झाकू नका. गंजाचीच काळजी असेल तर स्विच बंद करून, गीझर गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत जा.