आर्मेनियात एकच दिवस मोकळा असेल तर

राजधानी येरेवानहून गार्नी गाव जेमतेम तीस किलोमीटर, आणि गेघार्द मठ त्याच रस्त्यावर पुढे. बहुतेक जण आधी गार्नीला उतरतात. तुम्ही सकाळी थेट गेघार्द गाठा. तिथली काही दालनं अखंड खडकात कोरलेली आहेत (आपल्याला वेरूळ आठवणारच!). आत आवाज असा घुमतो की दोन मिनिटं गप्प उभं राहावं. एका दालनात चक्क झरा वाहतो. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. बाहेर पडताना स्थानिक लोक वेदीकडे पाठ न करता मागे मागे सरकत येतात, तसंच करा.

परतताना गार्नीचं मंदिर. १६७९ च्या भूकंपात ते कोसळलं होतं. आज दिसतं ते विसाव्या शतकात पुन्हा उभारलेलं. त्यात फार वेळ घालवू नका. खरी मजा खालच्या आझात नदीच्या दरीत आहे: कड्यावरून लटकल्यासारखे बेसाल्टचे षटकोनी खांब. उतरताना सोपं वाटतं, पण चढताना दम लागतो, म्हणून पकड असलेले बूट हवेत. सुटे द्राम (तिथलं चलन) खिशात असू द्या.

अरारात पर्वत मात्र, आणखी एखादी सकाळ हाताशी असेल तर, खोर विराप मठाहूनच बघा, तोही लवकर.