लाईट आल्यावर घरचा सर्व्हर उठत नाही? या चुका टाळा

घरच्या सर्व्हरच्या (फोटो, फाइली ठेवणारा, सतत चालू असलेला घरचा संगणक) बहुतेक तक्रारी लाईट परत आल्यानंतर सुरू होतात. फोटो उघडत नाहीत, डिस्क अचानक भरलेली दिसते, किंवा मशीन बंदच पडून राहतं आणि घरी बटण दाबायला कुणी नसतं. म्हणून सर्व्हर उभारताना एक कसोटी धरावी: घरात कुणी नसताना लाईट गेली आणि आली, तर सगळं आपलं आपण चालू झालं पाहिजे.

खरेदीतच होणारी चूक

जुना रॅक सर्व्हर (कंपन्यांतल्या कपाटात बसवतात तो) स्वस्तात मिळतो, पण दोन प्रोसेसरचं असं मशीन काही काम नसतानाही १५० वॅट सहज खातं. महिन्याला १०८ युनिट झाले. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पा बदलतो, त्यामुळे हे युनिट तुमच्या बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घरापुरतं तेच काम १० वॅटच्या आसपास करतो.

वॅट कमी असले की यूपीएसही पुरतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास, हातात येतात साधारण निम्मे. १५० वॅटवर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. मिनी पीसी, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ४० वॅट असतील, तर पाऊण तास निघतो. राउटर आणि फायबरचा डबा त्याच यूपीएसवर हवेत, हे बरेच जण विसरतात. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते.

घरच्या इन्व्हर्टरवर थेट सर्व्हर लावला असेल, तर त्यावरचा छोटा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते बघा. पीसीचा पॉवर सप्लाय १६-१७ मिलिसेकंदांचा खंड झेलेल अशा बेताने बनवलेला असतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा बदलू शकतो, आणि पंखा-दिवे चालू राहिले तरी सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो.

बंद झाला, पण परत चालूच झाला नाही

बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. पुष्कळ लोक ‘लास्ट स्टेट’ ठेवतात आणि तिथेच फसतात. यूपीएसची बॅटरी संपत आली म्हणून सर्व्हर नीट शटडाउन झाला, की त्याची शेवटची स्थिती ‘बंद’ अशीच नोंदली जाते. ‘पॉवर ऑन’ हाच पर्याय निवडा.

तरीही एक फट उरते. शटडाउन झालं आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच लाईट आली, तर सर्व्हरचा पुरवठा तुटलेलाच नसतो, आणि मग तो चालू व्हायला कारणच मिळत नाही. यावर उपाय नटमध्ये (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) आहे. शटडाउनच्या शेवटी नट यूपीएसला आउटपुट तोडायचा आदेश देतं आणि लाईट असली तर यूपीएस थोड्या वेळाने ते पुन्हा जोडतो. यासाठी यूपीएसला यूएसबी पोर्ट हवा. खरेदी करताना तो आधी बघा. एपीसीच्या यूएसबी मॉडेलांना सहसा ‘यूएसबीहिड-यूपीएस’ ड्रायव्हर लागतो, इतर अनेक स्वस्त यूपीएसना ‘नटडीआरव्ही-क्यूएक्स’.

डिस्क न जोडताच सगळं सुरू झालं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. यूएसबीची डेटा डिस्क एफएसटॅबमध्ये (लिनक्स सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) साध्या ओळीने नोंदवलेली असते. लाईट आल्यावर ती उशिरा जागी झाली, तर सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद थांबतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय) नाही, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड जोडण्यावाचून गत्यंतर नाही. यावर सगळे त्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहा म्हणतात. बरोबर आहे, पण अर्धवट आहे. नोफेल लिहिलं की मशीन उठतं, डॉकर (ॲप वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतं, आणि डिस्क जोडलेली नसल्याने कंटेनर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ एसएसडीवर, लिहू लागतात. फोटोंचं ॲप नव्याने बसवल्यासारखं कोरं दिसतं आणि माणूस डेटा गेला म्हणून घाबरतो.

यासाठी दोन गोष्टी कराव्यात. सिस्टिमडीच्या डॉकर सर्व्हिस फाइलमध्ये, युनिट विभागात, ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही ओळ डिस्कच्या पत्त्यासह टाका. डिस्क नसेल तर डॉकर सुरूच होणार नाही. आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचॲटर’ कमांडचा ‘प्लस आय’ (बदल बंद) लावा, म्हणजे तिथे रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) लिहिता येणार नाही. एफएसटॅबमध्ये एसडीए-एसडीबी ही नावं वापरू नका, ती रीस्टार्टनंतर बदलू शकतात, यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) लिहा.

चूक आधीच घडली असेल तर लक्षण असं: ‘डीएफ’ (उरलेली जागा दाखवणारी कमांड) मूळ डिस्क १०० टक्के भरली म्हणतं, पण ‘डीयू’ला (फाइलींची जागा मोजणारी कमांड) एवढ्या फाइली सापडत नाहीत. त्या माउंटखाली, म्हणजे त्याच फोल्डरवर नंतर जोडलेल्या डिस्कच्या आड, दडलेल्या असतात. मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर ‘माउंट’च्या ‘बाइंड’ पर्यायाने जोडा, तिथे ‘डीयू’ चालवा, सापडलेल्या फाइली आधी सुरक्षित जागी कॉपी करा आणि मगच पुसा.

घड्याळ आणि पत्ता

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकामध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. त्यावर पाय-होल आणि अनबाउंड (घरातल्या उपकरणांना वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे प्रोग्रॅम) असेल, तर लाईट आल्यावर वेळ मागे असते, म्हणून डीएनएसेकची (आलेल्या पत्त्यावरची मुदतीची सही तपासणारी सोय) पडताळणी फसते, म्हणून वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नावही उलगडत नाही, आणि घड्याळ चुकीचंच राहतं. घरभर इंटरनेट बंद! वेळेचा एक सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने द्या. जुन्या पीसीत हाच घोळ दिसला तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

राउटर रीस्टार्ट झाल्यावर बाहेरचा आयपी बदलू शकतो, त्यासाठी डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एकाच नावाला जोडत राहणारी सेवा) हवं. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवण्यावर) वेळ घालवू नका. तो पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तिथे टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा) वापरा.

हे सगळं झाल्यावर बॅकअप घ्या आणि भिंतीवरचा स्विच बंद करून चाचणी करा. एकदा बॅटरी संपू द्या. दुसऱ्यांदा शटडाउन सुरू होताच स्विच परत चालू करा. दोन्ही वेळा हात न लावता फोटो मोबाइल डेटावरून उघडले पाहिजेत.