सेकंदाला ४०१ गिरक्या: सांगलीत बसून न्यूट्रॉन ताऱ्याची गती कशी मोजावी

धनू राशीच्या दिशेला एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला ४०१ वेळा स्वतःभोवती फिरतो. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. अशा ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट असतं आणि व्यास फक्त २४ किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याहून कासच्या पठारावर जाणारा रस्ता जवळपास तेवढाच लांब आहे. एवढ्याशा गोळ्याचा विषुववृत्तावरचा पृष्ठभाग सेकंदाला ३०,००० किलोमीटर वेगाने, म्हणजे प्रकाशाच्या एकदशांश वेगाने पळत असतो.

ही गती तुम्ही स्वतः मोजू शकता. त्यासाठी मोठी दुर्बीण किंवा वेधशाळेची ओळख लागत नाही. बरा लॅपटॉप, इंटरनेट आणि पायथन ही संगणकभाषा थोडीफार, एवढं पुरतं. उपग्रहांनी टिपलेले क्ष-किरणांचे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सगळ्यांसाठी फुकट खुले आहेत. सांगली-साताऱ्याचा पावसाळा आकाशनिरीक्षकाचे चार महिने खातो. या कामाला त्याची अडचण नाही, उलट पावसाळ्याच्या रात्रीच जास्त सोयीच्या.

पायरी १: काय मोजतोय ते आधी समजून घ्या

न्यूट्रॉन तारा एकटा असेल तर तो हळूहळू मंदावत जातो. शेजारी साधा तारा असेल तर चित्र बदलतं. त्या जोडीदाराचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो, त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरतो आणि शेवटी चुंबकीय ध्रुवांवर आदळतो. तिथलं तापमान कोट्यवधी अंशांवर जातं आणि क्ष-किरण बाहेर पडतात. तारा फिरतो तसा तो तप्त डाग आपल्यासमोर येतो-जातो, आणि क्ष-किरणांची चमक लयीत कमीजास्त होते. आपल्याला मोजायची आहे ती हीच लय.

पडणारा वायू फिरत फिरत येतो, त्यामुळे तो ताऱ्याला आणखी गती देत राहतो. हे लाखो-करोडो वर्षं चाललं की म्हातारा, मंदावलेला तारा पुन्हा सेकंदाला शेकडो फेऱ्या मारू लागतो. या विचाराचे धागे आपल्याकडेही पोचतात. १९८२ मध्ये पहिला मिलिसेकंद पल्सर सापडला, सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणारा. (पल्सर म्हणजे फिरता फिरता लयीत स्पंदनं पाठवणारा न्यूट्रॉन तारा.) तो शोधणाऱ्या चमूत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म सांगलीपासून जवळच असलेल्या कुरुंदवाडचा. त्याच वर्षी बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेतल्या व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी जोडीदाराकडून गती मिळवण्याची ही कल्पना मांडली. तिचा थेट पुरावा मिळायला १९९८ उजाडलं. रॉसी या उपग्रहाच्या नोंदींमध्ये सॅक्स जे१८०८.४-३६५८ या जोडताऱ्यातून ४०१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४०१ वेळा येणारी, लय सापडली. आपलं लक्ष्य तोच तारा.

पायरी २: आकाशातली जागा एकदा तरी बघा

मोजणीसाठी ही पायरी लागत नाही, तरी ती टाळू नका असं मी आग्रहाने सांगेन. पडद्यावरचे आकडे कुठून आले हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की पुढच्या कामाला वेगळीच ओढ लागते.

एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर जत किंवा आटपाडीकडच्या माळरानावर जा. तिथे शहराचा उजेड कमी असतो. दक्षिणेला वृश्चिक ओळखा: अनुराधा, लालसर ज्येष्ठा, मग मूळ नक्षत्राची वळलेली नांगी. त्याच्या पूर्वेला धनू. धनूच्या खालच्या भागात ईटा नावाचा तारा आहे, त्याच्या पश्चिमेला सुमारे २ अंशांवर आपला जोडतारा. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. आता द्विनेत्री धनूच्या वरच्या टोकाकडे, लँब्डा ताऱ्याकडे वळवा. त्याच्या वायव्येला एका अंशाच्या आतच एक धूसर ठिपका दिसेल. तो एम २८ हा तारकागुच्छ. २०१३ मध्ये त्यातल्या एका न्यूट्रॉन ताऱ्याने रेडिओ पल्सर आणि क्ष-किरण पल्सर अशी दोन्ही रूपं दाखवली. गती मिळवणारे तारे आणि रेडिओवर ऐकू येणारे जलद पल्सर हे एकाच आयुष्याचे दोन टप्पे आहेत, हे त्यामुळे पक्कं झालं.

जमिनीवरून क्ष-किरण दिसत नाहीत, वातावरण ते शोषून घेतं. म्हणून १९६२ मध्ये रॉकेटमधून उपकरण वर पाठवावं लागलं, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. तो स्कॉर्पियस एक्स-१, वृश्चिकेतलाच. सूर्य वगळता आकाशात कायम दिसणारा तो सर्वात तेजस्वी क्ष-किरण स्रोत, आणि तरी त्याची स्वतःभोवतीची गती आजवर कुणाला सापडलेली नाही.

पायरी ३: साधनं

लॅपटॉपवर लिनक्स हवं, विंडोज असेल तर त्यातच लिनक्सची सोय चालू करा. नासाचा हीसॉफ्ट हा फुकट सॉफ्टवेअर संच उतरवा, मग पायथन आणि त्यातली अ‍ॅस्ट्रोपाय व स्टिंगरे ही पॅकेजेस घाला. स्टिंगरे याच कामासाठी बनवलेलं आहे. हीसॉफ्ट बसवायला वेळ लागतो, मध्येच चुका दाखवतं. सूचना शेवटपर्यंत वाचून शांतपणे करा.

पायरी ४: आधी संथ तारा घ्या

थेट ४०१ हर्ट्झवर उडी मारू नका. सुरुवात शौरी तारकासमूहातल्या हर्क्युलिस एक्स-१ पासून करा. त्याची एक फेरी १.२४ सेकंदांची. नासाच्या हीसार्क संग्रहात नुस्टार उपग्रहाने घेतलेल्या त्याच्या नोंदी आहेत. हा स्रोत ३५ दिवसांच्या चक्रात उजळतो आणि मंदावतो, म्हणून उजळ टप्प्यातली नोंद निवडा. संग्रहातली साफ केलेली घटनांची फाइल उघडा. तिच्यात प्रत्येक फोटॉनची वेळ आणि ऊर्जा लिहिलेली असते. पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेची लय किती जोरदार आहे हे दाखवणारा आलेख, काढलात की ०.८ हर्ट्झच्या थोडं वर ठसठशीत शिखर उभं राहील आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेवर लहान शिखरंही दिसतील. हे हाताखालून गेलं की तुमची साधनं नीट चालतात याची खात्री पटते. पुढे काही दिसलं नाही तर दोष कुठे शोधायचा हे कळतं.

पायरी ५: वेगवान ताऱ्याची नोंद निवडा

सॅक्स जे१८०८ एरवी शांत असतो. दोन-चार वर्षांतून एकदा तो उफाळतो, काही आठवडे चमकतो आणि पुन्हा मावळतो. लय फक्त उफाळ्यात दिसते. अंतराळ स्थानकावर बसवलेल्या नायसर दुर्बिणीने २०१९ आणि २०२२ चे उफाळे टिपले. ही दुर्बीण प्रत्येक फोटॉनची वेळ एका मायक्रोसेकंदापेक्षा कमी चुकीने नोंदवते, म्हणून नवशिक्यासाठी तीच उत्तम. शिवाय मे २०२३ नंतर नायसरमध्ये सूर्यप्रकाश शिरू लागल्याने दिवसाच्या नोंदी बिघडल्या, या दोन्ही वेळच्या नोंदी त्याआधीच्या आहेत.

मी २०१९ चा ऑगस्ट सुचवेन. त्या महिन्यात कृष्णेचं पाणी सांगलीच्या घराघरांत शिरलं होतं आणि कुणाचं आकाशाकडे लक्ष असायचं कारण नव्हतं. ते फोटॉन त्याच दिवसांत येऊन नोंदले गेले, आणि आजही संग्रहात तसेच आहेत. हीसार्कवर ताऱ्याचं नाव टाका, नायसर निवडा, ऑगस्टच्या मध्याची एक नोंद उतरवा. घटनांच्या फाइलबरोबर दुर्बिणीच्या कक्षेची फाइलही घ्या, पुढच्या पायरीला ती लागते.

पायरी ६: वेळ दुरुस्त करा

बहुतेकांची गाडी इथे अडते, म्हणून इथे घाई नको.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती ७.७ किलोमीटर वेगाने. म्हणजे आपलं घड्याळ स्वतःच हलत्या जागी ठेवलेलं आहे. कधी ते ताऱ्याकडे धावतं, कधी त्याच्यापासून दूर. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात, तेव्हा वर्षभरात फोटॉन कितीतरी मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतात. आपला तारा एका सेकंदात ४०१ वेळा फिरतो हे लक्षात घेतलं की या दुरुस्तीशिवाय काम का निभत नाही ते कळतं.

उपाय असा: प्रत्येक फोटॉन सौरमालेच्या वस्तुमानकेंद्रावर किती वाजता पोचला असता, हे काढायचं. हीसॉफ्टमधली बेरीकॉर ही आज्ञा हे काम करते. तिला ताऱ्याचे अचूक निर्देशांक आणि ती कक्षेची फाइल द्या. निर्देशांक ढोबळ टाकाल तर उत्तरही ढोबळ येईल. मूळ फाइल पुसू नका, दुरुस्त फाइल वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फाइलचा मोठा उपयोग पुढे येतो आहे.

पायरी ७: पॉवर स्पेक्ट्रम काढा

आधी १ सेकंदाचे कप्पे पाडून चमकेचा आलेख बघा. त्यात एखादा स्फोट दिसला, म्हणजे सेकंदभरात झपकन चढून काही दहा सेकंदांत उतरणारी चमक, तर तो भाग तूर्त वगळा. तो ताऱ्याच्या पृष्ठभागावर साचलेल्या वायूचा अणुस्फोट असतो.

मग सेकंदाचा ४०९६ वा भाग हा एक कप्पा धरा, म्हणजे २०४८ हर्ट्झपर्यंतच्या लयी पकडता येतात. नोंदीचे १२८ सेकंदांचे तुकडे करा आणि तुकडा नोंदीतल्या खंडावरून जाणार नाही हे पाहा. स्टिंगरेला चांगल्या वेळेची यादी (नोंद नीट झाली त्या वेळांची) दिली की ते स्वतः काळजी घेतं. मोजणीची पद्धत लेही ही निवडा. या पद्धतीत नुसता गोंगाट सरासरी २ वर राहतो, त्यामुळे आलेख वाचणं सोपं जातं. ४०१ हर्ट्झजवळ बघा. लय सरासरी चमकेच्या काही टक्केच असते, म्हणून एखाद्या तुकड्यात शिखर ठळक येईल, एखाद्यात पुसट.

१२८ सेकंदच का? तुकडा लांब तितकं शिखर बारीक आणि उंच, हे खरं. पण न्यूट्रॉन तारा आपल्या जोडीदाराबरोबर २ तासांत एक प्रदक्षिणा घालतो, त्यामुळे त्याची वारंवारता सतत सरकते. तुकडा फार लांब घेतला तर शिखर पसरून हरवतं. १२८ सेकंदांत ती जास्तीत जास्त ०.००२४ हर्ट्झ सरकते आणि आलेखाचं एक घर ०.००७८ हर्ट्झचं असतं, म्हणून हे माप चालतं.

पायरी ८: शिखरावर विश्वास ठेवण्याआधी

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. १२८ सेकंदांच्या एका तुकड्यात २,६२,१४४ वारंवारता तपासल्या जातात. इतक्या ठिकाणी पाहिलं की केवळ योगायोगाने कुठेतरी उंच शिखर येणारच. हिशेब केला तर नुसत्या गोंगाटातलं सगळ्यात उंच शिखरही २५ च्या घरात जातं. आलेखात २५ चं शिखर दिसलं म्हणून नवा पल्सर सापडला असं समजू नका. योगायोगाची शक्यता हजारात एकपर्यंत खाली आणायची तर साधारण ३९ उंची हवी. आपल्याला ४०१ आधीच माहीत आहे म्हणून त्या जवळचं कमी उंचीचं शिखरही मानता येतं. अनोळखी ताऱ्यात ही सवलत नाही.

दुसरी कसोटी मला फार आवडते. वेळ दुरुस्त न केलेल्या मूळ फाइलवर हेच सगळं पुन्हा करा. ऑगस्टमध्ये पृथ्वी धनू राशीपासून दूर चाललेली असते, त्यामुळे शिखर सरासरी ०.०३ हर्ट्झने खाली दिसलं पाहिजे आणि स्थानकाच्या फेरीबरोबर आणखी ०.०१ पर्यंत डोललं पाहिजे. लय आकाशातून येत असेल तर ती दुरुस्तीनंतर जागेवर येते. ती उपकरणातून येत असेल तर दुरुस्तीने उलट विस्कटते. वरून नोंदीचे दोन भाग करा आणि दोन्हींत लय आहे का पाहा.

पायरी ९: कक्षा मोजा

आता एका दिवसातल्या सगळ्या तुकड्यांमधली शिखराची अचूक वारंवारता वहीत वेळेसमोर लिहा. आकडे ४००.९७५ हर्ट्झच्या वरखाली सुमारे ०.०२२ ने झुलताना दिसतील आणि २ तासांनी तोच झोका परत येईल. स्थानकाच्या एका फेरीत तारा थोडाच वेळ दिसतो, त्यामुळे एका बैठकीत पूर्ण झोका मिळत नाही. दिवसभराचे ठिपके २ तासांच्या एकाच चक्रावर आणून मांडा, म्हणजे लाट उमटेल. तिच्या उंचीवरून तारा आपल्या दिशेने जास्तीत जास्त सेकंदाला १६ किलोमीटर वेगाने येतो-जातो हे निघतं. इतक्या जड ताऱ्याचा झोका इतका कमी, म्हणजे जोडीदार अगदी हलका असला पाहिजे, सूर्याच्या वस्तुमानाचा विसावा भाग वगैरे. ११,००० प्रकाशवर्षांवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडीदाराचं वजन तुमच्या वहीत उतरतं.

पुढे

उफाळ्यांवर नजर ठेवायला मॅक्सी आणि स्विफ्ट-बॅट या आकाशावर लक्ष ठेवणाऱ्या क्ष-किरण उपकरणांचे रोजचे आलेख पाहा. अ‍ॅस्ट्रोनॉमर्स टेलिग्राम या खगोलशास्त्रज्ञांच्या ऑनलाइन सूचनासेवेवर नवीन बातमी लगेच येते. हात बसला की आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटकडे वळा. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या या उपग्रहावरचं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बनलेलं लॅक्सपीसी हे उपकरण १० मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ टिपतं. इस्रोच्या संग्रहात नाव नोंदवलं की नोंदी उतरवता येतात. वेळदुरुस्तीची आज्ञा मात्र वेगळी आहे. पहिलं लक्ष्य म्हणून ४यू १७२८-३४ हा न्यूट्रॉन ताऱ्याचा क्ष-किरण स्रोत घ्या. पायरी ७ मध्ये आपण स्फोट बाजूला ठेवले होते, इथे उलट फक्त स्फोटच घ्यायचे. स्फोटाच्या काही सेकंदांपुरती तिथे ३६३ हर्ट्झची लय उमटते. तुकडे १२८ सेकंदांचे न घेता एकेका सेकंदाचे घ्या आणि प्रत्येक सेकंदाला वारंवारता किती सरकली ते लिहून ठेवा.