कंबर दुखते म्हणून वावर सुटत नाही, मंग वाकायचं कसं?

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या गावात संध्याकाळी घरोघरी बामाचा वास येते. आईची कंबर पाच वर्षांपासून दुखते, माझी मान दोन वर्षांपासून (ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय माझं, दिवसभर खुर्चीत), अन् दोघांनीबी गोळ्या खाऊन पाहिल्या, आईले मी नऊशे रुपयाचा कंबरपट्टा पण आणून देल्ला, चार दिवस बरं वाटलं मंग तो खुंटीवर गेला. शेवटी एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं जे दाखवलं ते कामी आलं, तेच इथं लिहून राह्यलो.

पहिले हे डोक्यातून काढा की ताठ बसलं म्हणजे दुखणं गेलं. मी आठ दिवस खांबासारखा ताठ बसलो तं पाठ अजूनच आखडली. कितीबी चांगली पोझिशन असो, तासभर तशीच धरून ठेवली की अंग आंबतेच. अन् तीन महिन्यांच्या वर चाललेलं दुखणं एकट्या वाकण्यानं होत नाही, अपुरी झोप, डोक्यातलं टेन्शन, कामाचा रेटा सगळंच त्यात असते. म्हणून एका दिवसात फरक पाहू नका, दीड-दोन महिने धरून चाला.

आता वाकायचं कसं ते. घरी तुराटी (तुरीची वाळलेली काडी) असतेच, एक सरळ लांब तुराटी घ्या अन् पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागं अन् एक कंबरेमागं. ती तीन जागी टेकली पाहिजे, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधात, अन् खाली माकडहाडाजवळ. आता गुडघे थोडे ढिल्ले सोडा, ढुंगण मागं ढकला अन् खुब्यातून वाका. तिन्ही जागी तुराटी टेकून राह्यली तं बरोबर, खालून सुटली तं समजा तुम्ही कंबरेतून वाकले. आई पहिल्यांदा हसली, म्हणे "हे काय नाटक लावलं बापा", मंग दहा वेळा केल्यावर तिलेच समजलं की मांडीच्या मागं ताण येते अन् कंबरेले आराम पडते. रोज सकाळी दहा वेळा करा, वावरात मंग अंग आपोआप तसं वाकते.

वेचणीत खरी गडबड ओटीची, म्हणजे वेचलेला कापूस टाकाले कंबरेले बांधलेल्या झोळीची असते. ओटी पोटासमोर लटकते, जेवढी भरते तेवढी कंबरेले पुढं ओढते, अन् वरून बाई वाकलेलीच. मी एकदा आईची भरलेली ओटी काट्यावर ठेवली तं सात किलो भरली! त्यात पोतं तिकडं धुऱ्यावर (बांधावर), मंग कोण जाते दहा वेळा, मजुरी किलोवर हाय ना. तं पोतं धुऱ्यावर न ठेवता तासाच्या (कापसाच्या ओळीच्या) मधात ठेवा अन् ओटी अर्धी भरली की रिकामी करा. रिकामी करताना सरळ उभं राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागं वाका, अर्धा मिनिट लागते. निंदताना एकाच पायावर उकिडवं बसू नका, एक गुडघा टेकवा, खाली घडी केलेलं पोतं ठेवा, अन् थोड्या थोड्या वेळानं पाय बदलवा.

फवारणीचा पंप 16 लिटरचा, म्हणजे पाणीच 16 किलो झालं, पंपाचं वजन वेगळं. तो जमिनीवरून उचलून झटका देऊन पाठीवर घेतात पोरं, तिथंच चमक भरते. बंडीवर नाहीतर ओट्यावर ठेवून भरा, मंग पाठ लावून दोन्ही पट्टे घाला, पट्टे सारखे अन् आवळून, पंप पाठीले चिकटला पाहिजे. कंबर धरलेलीच असंन तं अर्धाच भरा.

मोबाईलवाल्यांनो, डोकं साडेचार-पाच किलोचं असते, ते पुढं झुकलं की सगळा भार मानेवर. मी दुकानात स्क्रीनखाली दोन विटा ठेवल्या अन् पाठीमागं टॉवेलची गुंडाळी, अन् दर गिऱ्हाईक गेलं की उठतो.

रात्री झोपाची बाज झोळीसारखी झाली असंन तं कसून घ्या. उताणे झोपत असान तं गुडघ्याखाली उशी, कुशीवर असान तं दोन गुडघ्यांच्या मधात. दुखते म्हणून दिवसच्या दिवस पडून राहू नका, त्यानं अजून आखडते, थोडं थोडं चालत राहा. व्यायामानं थोडं अंग दुखणं चालते, पण कळ पायात खाली खाली उतरत असंन तं तो व्यायाम बंद.

अन् पायात ताकद कमी वाटून राह्यली, दोन मांड्यांच्या मधात बधिर झालं, लघवी-संडासचा कंट्रोल गेला, तं त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, संगं ताप हाय, नाहीतर वजन उगाच उतरून राह्यलं, तरी डॉक्टरले दाखवाच. आमच्याकडं उसण भरली की पायाळू (जन्मताना पहिले पाय बाहेर आलेल्या) माणसाची लाथ मारून घेतात पाठीत, मीबी लहानपणी खाल्ली हाय, पण अशा वेळी ते बिलकुल नको.