केक बसतोय? या चुका टाळा

केक बसला की पहिल्या शिव्या बसतात त्या कुकरला, नाहीतर ओव्हनला. भांड्याचा दोष क्वचितच असतो. दोष असतो अंदाजे सोडा टाकणाऱ्या हाताचा, आणि उतावळेपणाचा.

सोडा आणि बेकिंग पावडर एकच समजणं. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. खाण्याच्या सोड्याला काम करायला आंबट लागतं: दही, ताक, लिंबू. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत ते आम्ल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ती तीन-चार पट सौम्य. एकीच्या जागी दुसरं तेवढंच घातलं की झालं कल्याण.

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारच्या पोरीनं भावाच्या वाढदिवसाला बिनअंड्याचा केक करायला घेतला. बेकिंग पावडर संपलेली, आता गणपती पेठेपर्यंत कोण जाणार? म्हणून तेवढाच सोडा ओतला. अंडं नाही तर पिवळा रंग कुठून येणार, म्हणून वर घरची हळद. सांगलीत हळदीला हात सढळच! केक भराभर फुगला, डब्याच्या काठावरून खाली सांडला आणि मधोमध खड्डा पडून बसला. कापला तर आत लालभडक डाग, चव साबणाची. पोरगी डबा घेऊन दारात: "काकू, केक लाल झालाय ओ, परत भाजू का?" हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं. जास्तीचा सोडाही हळदीशी तेच करतो.

माझं माप ठरलेलं आहे. 240 मिलिलिटरच्या कपभर मैद्याला दही असेल तर पाव छोटा चमचा सोडा, नाहीतर एक छोटा चमचा बेकिंग पावडर. चमचा 5 मिलिलिटरचा, सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. मैद्यासोबत दोनदा चाळायचं. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर फेकून द्या, जीव अडकवू नका.

आणि सोडा ओला झाला की त्याचं काम सुरू. पीठ कालवून मग कुकर तापत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! रवा केक असेल तर बारीक रवा दह्या-दुधात अर्धा तास भिजू दे, सोडा मात्र अगदी शेवटी.

झाकण उघडून बघणं. पहिली 25 मिनिटं हात लावायचा नाही. आतले बुडबुडे गरम हवेवर आणि वाफेवर फुगलेले असतात, भोवतीचं पीठ अजून कच्चं. गार हवा लागली की सगळं खाली. पावसाळ्यात लाईट गेली तरी ओव्हनचं दार बंदच ठेवा, आतली धग बराच वेळ टिकते. पस्तीस मिनिटांनंतर मधोमध सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली पाहिजे. "वास आला म्हणजे झाला" हा हिशोब चालत नाही.

कुकरमध्ये पाणी घालणं. पाणी घातलं तर केक उकडतो, भाजत नाही. रिंग आणि शिट्टी काढा, तळाला मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं तापवा. नव्या कुकरचा बळी कशाला देता? जाड बुडाचं जुनं पातेलं पुरे.

मैदा घातल्यावर फेटत बसू नका, केक चिवट होतो. दही-दूध फ्रिजमधून काढून थेट ओतू नका. तासगावचे बेदाणे तळाला बसत असतील तर मैद्यात घोळवून घ्या. गरम केकवर क्रीम लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

एवढं करूनही बसलाच, तर कुस्करून कस्टर्डमध्ये घाला, पोरं वाटी चाटून संपवतात. साबणाची चव लागत असेल तर मात्र कस्टर्ड वाया घालवू नका.