मॉड केलेला वी डिस्क टाकली की अपडेट मागतो? माझा अनुभव

भाच्याचा जुना वी, म्हणजे निन्टेंडोचा गेम कन्सोल, मॉड केलेला (बाहेरचे प्रोग्राम चालतील असा बदललेला). सिस्टीम मेन्यूची आवृत्ती ४.१. जळगावला आणल्यापासून नवी डिस्क घातली की अपडेट मागायचा. नाही म्हटलं की गेम सुरूच होईना. वाय-फाय तोडलं, वीकनेक्ट२४ (वीची सतत ऑनलाइन राहायची सोय) बंद केलं. उपयोग शून्य, कारण अपडेट डिस्कवरच असतं. दोन रविवार गेले, डोकं फिरलं.

शेवटी जमलं ते असं. आधी बूटमी या बॅकअपच्या प्रोग्रामने ५१२ एमबी नँडचा, म्हणजे वीच्या आतल्या मेमरीचा, बॅकअप एसडी कार्डावर घेतला. मे महिना, लाइटचा भरवसा नाही, म्हणून वी इन्व्हर्टरवर लावला. बॅकअप अर्धवट राहिला तर काही कामाचा नाही. मग प्रायलोडर टाकला, हा सिस्टीम मेन्यूच्या आधी सुरू होणारा प्रोग्राम. वी बंद करून, रीसेट दाबून धरत पॉवर दिली की त्याचा मेन्यू उघडतो. तिथे ‘सिस्टीम मेन्यू हॅक्स’मध्ये ‘ब्लॉक डिस्क अपडेट्स’ आणि ‘ब्लॉक ऑनलाइन अपडेट्स’ दोन्ही चालू केले, मग ‘सेव्ह सेटिंग्ज’. पहिल्या वेळी हे सेव्ह करायचंच राहिलं होतं. आता तीच डिस्क सरळ चालते.